चाकोरी, धाव आणि पकड

महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये नोव्हेंबर उजाडला की हिमाचलच्या सहलींचा विषय हमखास निघतो. गेल्या वर्षीही तो निघाला. वाणिज्य विभागातील आमचे एक तरुण सहकारी काशिमीऱ्याला राहतात. त्यांच्याकडे एक लहान मोटार आहे. ती विकून ‘फोर बाय फोर’ म्हणतात तशी, चारही चाकांना जोर मिळणारी मोठी गाडी घ्यावी आणि डिसेंबरात सहकुटुंब मनाली ओलांडून लाहौलात जावे, असा त्यांचा बेत होता. मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही इतकी वर्षे घोडबंदर रस्त्याने गाडी चालवत येता. पुढच्या चाकांवर चालणारी, मागच्या चाकांवर चालणारी आणि चारही चाकांवर चालणारी, यांत बर्फात बरी कोणती?” मराठीच्या प्राध्यापिकेला हा प्रश्न विचारला गेला म्हणून थोडा हशा झाला, घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गांवर गेलो.

प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला. वास्तविक मीरा-भाईंदरमध्ये बसून बर्फातल्या गाडीचा विचार करणे हे काहीसे हास्यास्पदच. थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर वापरतात. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते, म्हणून हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवलेले असते. आमच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेने नोंदवलेले नीचांकी तापमान आहे ७.४ अंश, आणि तेही २२ जानेवारी १९६२ या एका दिवसाचे. म्हणजे ज्ञात इतिहासात हिवाळी टायरची गरज आपल्याकडून ०.४ अंशाने हुकली! पण निसरडा ऋतू आपल्यालाही आहे. तो हिवाळ्यात येत नाही, जूनमध्ये येतो, एवढाच फरक. तेव्हा सहकाऱ्यांचा प्रश्न बर्फाच्या नावाने विचारला गेला असला तरी तो इथलाच आहे आणि त्याला बराच जुना इतिहास आहे, असे मला वाटते. त्या इतिहासाचा थोडा ऊहापोह येथे करायचा आहे.

त्याआधी एक कबुली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या पावसाची संध्याकाळ होती. ठाण्याहून घरी परतताना गायमुखचा घाट उतरत होते, शेजारी आई बसली होती. पहिला पाऊस रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ भिजवतो, धुऊन मात्र नेत नाही. त्याचा एक पातळ, चकचकीत लेप डांबरावर तयार होतो. समोरच्या कंटेनरचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबण्याऐवजी सरकत राहिली. स्टिअरिंग फिरवले तरी नाक वळेना. मग मागचा भाग फिरला आणि आम्ही आडवे होऊन कंटेनरपासून हातभर अंतरावर थांबलो. कोणाला काही झाले नाही. दोष कोणाचाच नव्हता, माझाच होता. टायर बदलायला झाले आहेत हे मला दोन वर्षे माहीत होते. मुलीच्या प्रवेशाचे वर्ष होते, नंतर घराची डागडुजी निघाली. इंजिनाची देखभाल वेळेवर होत होती, टायर मात्र ‘पुढच्या महिन्यात’ होते.

काशिमीरा येईपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, “धाव झिजलेली असली तर बैलांना मारून काय उपयोग?” आईचे माहेर सातारा जिल्ह्यातले, वडिलांची बैलगाडी होती. तिने बोलण्याच्या ओघात म्हटलेले ते वाक्य मला पुढे अनेकदा आठवले, कारण या विषयाचा अर्धा इतिहास त्यात आला आहे.

*

‘धाव’ हा शब्द आज आपण धावण्यासाठी आणि क्रिकेटसाठी वापरतो. बैलगाडीच्या चाकाला त्याचा दुसरा अर्थ आहे. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांभोवती लाकडी तुकड्यांचा घेर आणि त्या घेरावर बसवलेला लोखंडी पट्टा म्हणजे धाव. हा पट्टा घेरापेक्षा किंचित लहान करून तापवत. तापून तो प्रसरण पावला की चाकावर चढवायचा आणि लगेच वर पाणी ओतायचे. निवताना लोखंड आकसते आणि सगळे चाक घट्ट आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले की धाव सैल होई, म्हणून चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत ठेवीत. आईला ही दृश्ये अजून आठवतात.

या चाकाचे एक वैशिष्ट्य मोटारीच्या काळात आपण विसरलो आहोत. बैलगाडीचे चाक गाडीला पुढे ढकलत नाही. ते फक्त भार वाहते. जमिनीला रेटा देतात ते बैलांचे खूर. जोर खुरांत आणि भार चाकावर अशी ही विभागणी होती. साहजिकच पकडीची काळजी खुरांच्या पातळीवर घेतली जाई. बैलाला पत्री मारण्याची प्रथा त्यासाठीच होती. खडकाळ आणि घाटाच्या वाटेवर खूर झिजू नये आणि घसरू नये म्हणून दुभंगलेल्या खुराच्या दोन्ही भागांना लोखंडी पत्री ठोकत. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून चाकाखाली दगड लावीत. किती जोराने ओढायचे, यापेक्षा कुठे टेकायचे आणि कसे थांबायचे, याचे ज्ञान या व्यवहारात अधिक होते.

अरुंद लोखंडी धावेने भाषेला आणखी एक शब्द दिला, आणि तो आपण मराठीचे लोक रोज वापरतो: ‘चाकोरी’. मऊ मातीवरून एकामागून एक गाड्या गेल्या की धाव जमिनीत रुतून दोन खोल रेषा पडतात, आणि पुढची गाडी आपोआप त्याच रेषांतून जाते. ‘चाकोरीबद्ध लेखन’, ‘चाकोरीबाहेरचा कवी’ असे आपण परीक्षणांतून लिहितो तेव्हा त्या शब्दात निंदा असते. गाडीवानाच्या दृष्टीने मात्र पावसाळ्यात चाकोरी हा आधार होता. दोन्ही बाजूंना राड असताना निदान तेवढी जमीन दबून घट्ट झालेली असे, आणि चाक बाजूला घसरत नसे. अर्थात चाकोरी फार खोल झाली की गाडीचा आस जमिनीला टेकून गाडी अडकायची तीही तिथेच. समीक्षेने या शब्दाचा दुसरा अर्थ घेतला, पहिला सोडून दिला.

कोकण आणि देश यांमधली वाहतूक दीर्घकाळ चाकावर नव्हतीच, ती बैलांच्या पाठीवर होती. बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी चांगला रस्ता १८३० साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्यानंतरही घाट चढणारे खूरच होते, चाक फक्त त्यांच्यामागून जात होते.

*

जोर आणि भार एकाच चाकावर आले ते रेल्वे इंजिनात. इंजिनाचे चाक स्वतः फिरून रुळाला मागे रेटते आणि गाडी पुढे जाते. आज हे स्वाभाविक वाटते, पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील जाणत्या लोकांनाही शंका होती की गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक जागच्या जागी फिरत राहील. म्हणून १८१२ साली ब्लेंकिन्सॉप याने मिडल्टनच्या खाणमार्गावर दातेरी रूळ आणि दातेरी चाक वापरले. पुढच्याच वर्षी हेडली याने दाखवून दिले की चाकावर पुरेसा भार असेल तर दात्यांची गरज नाही. घर्षण पुरते. म्हणजे यंत्रयुगाच्या तोंडाशीच हा वाद झडला होता, की प्रश्न जोराचा आहे की पकडीचा.

महाराष्ट्रात हा वाद घाटांनी पुन्हा उभा केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सपाटीवरून धावली. बोरघाट चढायला आणखी १० वर्षे लागली. जेम्स बर्कले या अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८६३ साली सुरू झाला, तेव्हा त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट होता. रस्त्याच्या मानाने हा चढ किरकोळ आहे. लोखंडावर लोखंड टेकलेले असताना मात्र तो जवळजवळ मर्यादेवरचा होता. त्यावरचे उपाय आजही दिसतात. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. आपण त्याला ‘जोर लावणे’ म्हणतो, पण त्यात केवळ जोर वाढत नाही. रुळाला रेटा देणारी, भार घेऊन टेकलेली चाके वाढतात. दुसरा उपाय त्याहून साधा. ओल्या रुळावर चाक घसरू लागले की इंजिनातून चाकासमोर वाळू सोडतात. हजारो अश्वशक्तीचे यंत्र मूठभर वाळूवर अवलंबून असते, ही गोष्ट मला नेहमीच विचारात पाडते.

नेरळ-माथेरानची गाडी तर याहून बोलकी आहे. १९०७ साली सुरू झालेल्या या चिमुकल्या मार्गाचा चढ २० फुटांमागे १ फूट इतका आहे, आणि उटीच्या गाडीसारखी दातेरी पट्टी तिथे नाही. सगळी चढण घर्षणावर चालते. आणि पावसाळा आला की नेरळ ते अमन लॉज हा घाटातला टप्पा बंद ठेवतात. कधीकधी शहाणपण म्हणजे निसरड्या ऋतूत न जाणे, हे आपल्या एका गाडीने शंभराहून अधिक वर्षे पाळले आहे.

*

रबराने चित्र पालटले. गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडली. हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली घेतले. ते विसरले गेले आणि १८८८ साली जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तेच पुन्हा शोधून काढले. लोखंडी धाव जमिनीला कापते. हवेचा टायर जमिनीवर पसरतो, तिच्या खाचाखोचांत शिरतो आणि तिला धरतो. डांबराचे रस्ते आणि रबरी टायर एकमेकांच्या आधाराने वाढले. पुढे बैलगाडीनेही रबर पत्करले. पश्चिम महाराष्ट्रातील ऊस टायरच्या बैलगाड्यांतून कारखान्याच्या काट्यावर जाऊ लागला. तिथे चाकोरी पडेनाशी झाली आणि शब्द तेवढा समीक्षेत उरला. मुंबईच्या उपनगरांपुरते बोलायचे, तर १९५८ साली स्थापन झालेल्या ‘सिएट’चा कारखाना भांडुपला उभा राहिला. धाव बसवणाऱ्या लोहाराची जागा अशा रीतीने साच्यातून टायर काढणाऱ्या कामगाराने घेतली.

रबराखाली ही क्रांती होत असताना जोर कोणत्या चाकांना द्यायचा, हा प्रश्न वेगळाच चालू होता. आरंभीच्या मोटारींत तो मागच्या चाकांना दिला गेला. कारण सोपे होते. पुढच्या चाकांना वळायचे असते. वळणाऱ्या चाकाला फिरवायचेही, म्हणजे सांध्यांची रचना अवघड होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे पद्मिनी, आणि तिकडची अँबॅसॅडर या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गाने सुरू झालेली आपली एसटीही तशीच. भरलेल्या एसटीत प्रवाशांचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून ती चिखलातून वाट काढते. रिकाम्या गाडीत इंजिन पुढे, जोर मागे आणि मागे वजन नाही, अशी अवस्था होते.

उलट बाजूचे उत्तर युरोपात सित्रोएनच्या १९३४ सालच्या आणि ‘मिनी’ या १९५९ सालच्या गाडीने दिले: इंजिन पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. आपल्या मध्यमवर्गापर्यंत ते डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर पोहोचले. इंजिनाचे वजन जोराच्या चाकांवरच असल्यामुळे ओल्या सपाट रस्त्यावर ही गाडी सहज निघते. चढावर भार मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी पडतात, तेव्हा तीच गाडी चिखलात चाके फिरवत उभी राहते. दोन प्रकारांची घसरण्याची रीतही निराळी. पुढच्या चाकांच्या गाडीचा वेग वळणावर जास्त झाला तर नाक वळत नाही, गाडी सरळ जाते. मागच्या चाकांच्या गाडीत जोर जास्त दिला तर शेपूट बाहेर फिरते.

तिसरा प्रकार युद्धाने लोकप्रिय केला. चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटारी विसाव्या शतकाच्या आरंभापासून होत्या, परंतु १९४१ पासूनच्या अमेरिकन जीपने ती कल्पना जगभर नेली. १९४५ साली मुंबईत स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलिज जीपची जुळणी हाती घेतली. पुढे दीर्घकाळ आपल्याकडे जीप म्हणजे सरकार: तहसीलदार, फौजदार, वनखाते. ग्रामीण कथेत जीप आली की गावात सत्ता आली, हे वाचकाला सांगावे लागत नाही. मला वाटते, चारही चाकांच्या जोराला आपल्याकडे जी प्रतिष्ठा आहे तिचे एक मूळ इथे असावे. आजच्या काळात ही प्रतिष्ठा तंत्रापासून सुटीही झाली आहे. २०२३ साली ‘थार’ची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती बाजारात आली. रूप जीपचे, जोर दोनच चाकांना. यात फसवणूक नाही, सारे उघड लिहिलेले असते. तरीही रूपाची मागणी गुणापेक्षा वेगळी असते, हे त्यातून दिसते.

*

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे येऊ. मोटारीचा प्रत्येक टायर जमिनीला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. गाडी निघते, वळते आणि थांबते ती या चार तळहातांच्या पकडीवर. इंजिनाचा जोर दोन तळहातांत वाटायचा की चार, एवढेच फोर बाय फोर ठरवते. चारांत वाटला तर निघताना आणि चढताना फायदा होतो. तो खरा फायदा आहे, खोल बर्फात आणि चिखलात त्याला पर्याय नाही. मात्र ब्रेक सर्वच मोटारींत चारही चाकांना असतात. थांबताना फोर बाय फोर आणि साधी गाडी यांत काही भेद उरत नाही. असलाच तर मोठ्या गाडीचे वजन अधिक असते.

थोडे गणित मांडते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, चालकाला भान यायला लागणारा वेळ सोडून, कोरड्या डांबरावर साधारण १४ मीटरमध्ये थांबू शकते. ओल्या डांबरावर बऱ्या टायरांनी सुमारे २० मीटर लागतात, दबलेल्या बर्फावर ५० मीटरच्या आसपास आणि निव्वळ गोठलेल्या पाण्यावर १०० मीटर. १०० मीटर म्हणजे आपल्या लोकलचे जवळजवळ पाच डबे. या आकड्यांत इंजिन कुठेच येत नाही, आणि जोर किती चाकांना हेही येत नाही. येते ते फक्त रबर आणि जमीन यांच्यामधले घर्षण. चाके जाम होऊ न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा आता नव्या मोटारींत असते. ती असलेली पकड वाया जाऊ देत नाही, नसलेली निर्माण करीत नाही.

मग फोर बाय फोरचा धोका कोणता? तो असा, की ती निसरडेपण लपवते. साधी गाडी निघतानाच चाके फिरवते आणि चालकाला सांगते की पुढे वाट धड नाही. चार चाकांची गाडी निमूट निघते, वेग घेते, आणि वाट धड नाही हे पहिल्या उतारावर कळते.

हा गैरसमज फक्त आपला नाही. १९८६ साली आउडी कंपनीची एक जाहिरात गाजली होती. फिनलंडमधील काईपोला येथील बर्फावरून उडी मारण्याच्या उतारावर तिची मोटार खालून वर चढत गेली. पाहणाऱ्यांना त्यात चार चाकांचा विजय दिसला, आणि कंपनीला तेच दाखवायचे होते. पण त्या मोटारीच्या टायरांना लोखंडी खिळे होते. चारही चाकांना जोर होता हे खरेच; तो खिळ्यांनी बर्फात रुतवला, म्हणून गाडी चढली. आपल्या शब्दांत सांगायचे तर पत्री मारलेली होती.

ज्या समाजांना बर्फात पिढ्यान्‌पिढ्या राहायचे आहे, त्यांचे शहाणपण त्यांच्या कायद्यांत वाचता येते. फिनलंडमधील कारखान्याने, जो आज नोकियन नावाने ओळखला जातो, १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर काढला, १९३६ साली प्रवासी मोटारींसाठी. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००८ पासून हिवाळ्यात तेथील मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे केले. जर्मनीत २०१० पासून बर्फाळ परिस्थितीत तसेच टायर लागतात. हे कायदे टायरविषयी बोलतात. जोर पुढे आहे, मागे आहे की चारही चाकांना, हे ते मालकावर सोडतात. टोरांटोला राहणारी माझी मावसबहीण पुढच्या चाकांवर चालणारी साधी मोटार वापरते. डिसेंबर जवळ आला की ती चारही टायर बदलून घेते आणि एप्रिलमध्ये परत बदलते. आपण दिवाळीच्या आधी माळ्यावरचे डबे काढतो तितक्याच सहजतेने ती हे सांगते.

आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगपलीकडचे लाहौल मैदानी पर्यटकांना हिवाळ्यातही गाठता येऊ लागले. बर्फ पडला की तिथले पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. या नियमातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. जोराच्या चाकांवर आवळलेली लोखंडी साखळी दबलेल्या बर्फात रुतते आणि साध्या गाडीलाही हळूहळू नेते. आपण मात्र त्या नियमातला पहिला भाग ऐकून घरी येतो.

याला काही अंशी आपली भाषाही कारण असावी. ओल्या मातीसाठी आपल्याकडे चिखल, राड, रेंदा, गाळ असे शब्द आहेत आणि प्रत्येकाची निसरड वेगळी. उलट आकाशातून पडणारा भुसभुशीत कण, पायाखाली दबून कडक झालेला थर आणि गोठलेले पाणी, या तिन्हींना आपण ‘बर्फ’ म्हणतो. टायरच्या दृष्टीने ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. त्यातही सर्वांत घातक तो, जो दिसत नाही. नाल्याचे पाणी दुपारी रस्त्यावर येते, रात्री गोठते, आणि सकाळी डांबर केवळ ओले आहे असे वाटते. त्यावर आपल्या साध्या टायरांनी कोणतीही गाडी, कितीही चाकांची असो, अगतिक होते. तिथे वाळू आणि माती टाकतात. इतर थंड देशांत रस्त्यांवर मीठ टाकतात, कारण मिठाच्या पाण्याला गोठायला अधिक थंडी लागते. भाईंदरच्या मिठागरांशेजारून जाताना अलीकडे मला हे आठवते.

*

गायमुखच्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी मी काशिमीऱ्याच्या टायरवाल्याकडे गेले होते. त्याने खाचेत नख घातले आणि काही न बोलता ते मला दाखवले. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा नियम आहे. तेवढी झीज झाली की खाचेतले आडवे उंचवटे पृष्ठभागाला येऊन मिळतात. या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. त्या बुजल्या की वेगात असलेला टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. मग त्याने टायरच्या बाजूवरची एक चौकट दाखवली. तिच्यात चार आकडे होते: पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. खाच शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते, म्हणून हे साल पाहायचे. शिलालेख आणि हस्तलिखिते वाचायची म्हणून विद्यार्थ्यांना आग्रह करणारी मी, रोज ज्याच्या भरवशावर आईला आणि मुलीला घेऊन जात होते, तो लेख मी कधी वाचला नव्हता. त्याने आणखी एक सांगितले, जे मला उलटे वाटले होते. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावायचे, जोर पुढच्या चाकांना असला तरी. पुढची चाके घसरली तर चालकाला कळते आणि वेग कमी करता येतो. मागची घसरली तर गाडी फिरते. माझी फिरली होती.

‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ अशी आपली एक म्हण आहे. वंगणाचा नळा गाडीला टांगलेला असतो, म्हणून गाडीबरोबर त्यालाही यात्रा घडते. बिनमहत्त्वाच्या सोबत्यासाठी आपण ती वापरतो. टायरला आपण तसेच समजतो: गाडी घेतली की चार टायर येतातच. खरेदीच्या वेळी इंजिनाची चौकशी होते, पडद्याची होते, चाकांच्या जोराची होते; टायरची होत नाही. इतिहास मात्र सतत उलटे सांगत आला आहे. पत्री, वाळू, रबर, खिळे, साखळी ही सगळी जमिनीला भिडण्याच्या जागेची दुरुस्ती आहे, आणि तिच्याशिवाय वरचा जोर निष्फळ ठरला आहे.

सहकाऱ्यांना मी एवढे सगळे सांगितले नाही. त्यांना म्हटले, की लाहौलात जायचेच असेल तर मनालीपर्यंत रेल्वेने आणि बसने जा, पुढे तिथल्या माणसाची, तिथल्या टायरांची गाडी करा, आणि तो नको म्हणेल त्या दिवशी थांबा. वर्षातले दहा दिवस बर्फ आणि चार महिने पाऊस, यांत गाडी कशासाठी घ्यायची ते तुम्ही ठरवा. चढाच्या कच्च्या वाटेवर तुमचे गाव असते तर चार चाकांची जरूर घ्या म्हटले असते. मग त्यांना त्यांच्या लहान मोटारीच्या टायरवरचे चार आकडे वाचायला सांगितले.

दुपारच्या सुट्टीत ते पार्किंगमध्ये उकिडवे बसलेले दिसले. टायरच्या खाचेत आगकाडी घालून, ती बाहेर काढून, नखाने खूण धरून ते मोजत होते. लाहौलला ते एप्रिलमध्ये जाऊन आले. टायर मात्र त्यांनी मेच्या अखेरीस बदलले, पहिल्या पावसाआधी.